लग्नात गाणे कोणाचे?

१९१५ साली बडोदे संस्थानात हिंदू पुरोहित कायदा या नावाचा एक कायदा झाला. लग्न-मुंजी लावणाऱ्या उपाध्यायाने आपल्या विषयाचे रीतसर ज्ञान मिळवून परीक्षा दिलेली असावी, आणि जे मंत्र तो म्हणेल त्यांचा अर्थ यजमानाला समजेल अशा भाषेत सांगावा, असा त्या कायद्याचा इत्यर्थ होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा केला, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. हा दुसरा कायदा मात्र विस्मृतीत गेला. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी विचार एकच दिसतो. लग्न ज्याचे आहे त्याला ते कळले पाहिजे. आठ वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभे केले तर तिला ते कळत नाही, आणि जाणत्या वधूवरांपुढे अर्थ न सांगता मंत्र म्हटले तर त्यांनाही ते कळत नाही.

हा जुना कायदा मला अलीकडे वारंवार आठवतो, पण तो गुरुजींमुळे नव्हे. हल्लीचे कित्येक गुरुजी सप्तपदीच्या एकेका पावलाचा अर्थ हौसेने सांगतात. कायदा आठवतो तो मंडपातल्या गाण्यांमुळे. कार्यालयात पाऊल टाकल्यापासून हात धुऊन बाहेर पडेपर्यंत कानांवर सारखे काहीतरी आदळत असते. सकाळी ध्वनिमुद्रित सनई, मुहूर्ताला मोबाइलवरची तयार मंगलाष्टके, जेवणाच्या वेळी सिनेमाची गाणी आणि वरातीला डीजे. यांपैकी अमुक गाणे कोणी निवडले असे विचाराल, तर वधूपिता मंडपवाल्याकडे बोट दाखवतो, आणि मंडपवाला बटणापाशी बसलेल्या पोराकडे. त्या पोराला विचारावे, तर तो म्हणतो, "काका, सगळ्यांच्या लग्नात हेच लावतो."

माझे म्हणणे नेमके याच उत्तराविषयी आहे. लग्नात वाजणाऱ्या प्रत्येक मुख्य गाण्याबद्दल "हेच का?" असे कोणी विचारले, तर घरातल्या एका तरी माणसाला त्याचे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते उत्तर मंडपात चारचौघांना सांगता आले पाहिजे. मग ते गाणे आजीच्या जात्यावरचे असो, रागदारीतले असो की परवाच्या चित्रपटातले असो. माझी तक्रार नाही.

ही अपेक्षा बडोद्याकडून जास्त करावी असे मला वाटते, त्याला कारण आहे. याच गावात १८८६ साली उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली. एरवी उस्तादांच्या घराबाहेर न पडणारी विद्या सामान्य घरच्या मुलांना वर्गात बसवून, स्वरलिपीच्या आधाराने शिकवण्याचा तो उद्योग होता. त्याच शाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागात चालू आहे. पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली इथेच झाली. उस्ताद फैयाज खाँ इथले दरबारगवई, आणि १९५० साली त्यांनी डोळे मिटले तेही इथेच. अशा गावात लग्नाचे गाणे मंडपवाल्यावर सोडून द्यावे, हे काही बरे दिसत नाही.

कोणी म्हणेल, आपापल्या आवडीचे, आपापल्या अर्थाचे गाणे लग्नासाठी निवडणे ही पाश्चात्यांची टूम आहे. आपल्याकडे हे कधी होते? मला तसे वाटत नाही. आपली मंगलाष्टके म्हणजे दुसरे काय? मी निवृत्त शिक्षक आहे, आणि ओळखीपाळखीच्या घरांतली मंगलाष्टके रचून देण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित. चरणाला १९ अक्षरे, बाराव्यावर विसावा. वृत्त एकच, चालही बहुधा एकच. पण आतला मजकूर प्रत्येक घराचा वेगळा. कुलदैवत, मूळ गाव, आजोबा-आजी, आईवडील, मामा, थोरली बहीण, सगळ्यांची नावे त्यात ओवायची. या ओवण्यात मोठी मौज असते. या वृत्तात चार लघू अक्षरे लागोपाठ कुठेच येत नाहीत. त्यामुळे मधुकर नावाचे आजोबा जसेच्या तसे आत शिरत नाहीत. त्यांना "मधुकरा" व्हावे लागते, मग ते बरोबर बाराव्या अक्षरावर येऊन विसावतात. अंतरपाटाच्या अलीकडे पलीकडे उभ्या असलेल्या दोघांच्या कानांवर त्या क्षणी आपल्याच माणसांची नावे पडत असतात. मागे कुठेतरी खुर्चीत बसलेले आजोबा आपले नाव ऐकून सावरून बसतात. एका घरासाठी, एका दिवसासाठी, दोन माणसांसाठी रचलेले असे गाणे आपल्याकडे कितीतरी पिढ्या चालत आले आहे.

आता काय होते? तयार मंगलाष्टके लावतात. त्यांत गणपती असतो, नद्या असतात, राम-सीता असतात. फक्त त्या घरचे कोणी नसते. शिवाय यंत्राला मुहूर्त कळत नाही. म्हणणारा माणूस असला की घटिका भरेपर्यंत एखादे अष्टक वाढवतो, वेळ झाली की आवरते घेतो. वाजंत्रीवाल्याचे लक्ष गुरुजींच्या तोंडाकडे असते आणि "सावधान" म्हणताच सनई-ताशा उठतो. यंत्रावरचे गाणे मात्र अक्षता पडून हार घातले गेले तरी पुढच्या कडव्याकडे निघालेले असते, आणि मग मंडपात "अरे बंद कर, बंद कर" अशी आरोळी ऐकू येते. लग्नाच्या छायाचित्रांत ही आरोळी येत नाही म्हणून बरे.

हा दोष एकट्या आपल्यातच आहे असे नव्हे. जगातील कित्येक देशांत लग्नाला मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराची एक धून वाजते. ती त्याने १८४२ साली शेक्सपिअरच्या एका सुखान्त नाटकासाठी रचली. १८५८ च्या जानेवारीत इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा ही धून आणि तिच्या जोडीला वाग्नरच्या "लोहेन्ग्रिन" या संगीतिकेतले वधूगीत वाजवले गेले. राजकन्येने ऐकले म्हणून इतरांनी ऐकले, आणि पाहता पाहता एका मुलीच्या लग्नातले संगीत साऱ्या जगाचा रिवाज होऊन बसले. गंमत अशी की "लोहेन्ग्रिन" मधले ते जोडपे त्या वधूगीतानंतर त्याच रात्री कायमचे दुरावते. ती गोष्ट ठाऊक असती, तर कितीजणींनी त्या सुरांवर पावले टाकली असती कोण जाणे! अर्थ विचारला नाही की असे होते. एकाने मनापासून निवडलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी केवळ पद्धत म्हणून जाते.

आपल्याकडेही हेच पाहायला मिळते. मुलगी सासरी निघाली की वाजिद अली शहाची म्हणून प्रसिद्ध असलेली भैरवीतली ठुमरी लावतात. १९३८ सालच्या "स्ट्रीट सिंगर" चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायिली आणि ती घरोघर पोहोचली. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबाला लखनौ सोडावे लागले, त्या दुःखाशी ती ठुमरी जोडली जाते. वरून पाहता ती पालखीत बसून माहेर सोडणाऱ्या मुलीची आहे. आतून पाहता देह सोडणाऱ्या जिवाची आहे, आणि पालखी उचलणारे चौघे तिरडीचेही खांदेकरी आहेत. गाणे थोर आहे यात शंका नाही. हे सर्व ठाऊक असून एखाद्या बापाने ते निवडले, तर मी त्याच्यापुढे हात जोडीन. पण "रडण्याचे गाणे हवे, हे लावा" एवढ्यावर ते लावले जाते, तेव्हा मला त्या ठुमरीचीच कीव येते.

मोकळीक तर आपल्याला हवी तेवढी आहे. एरवी दुसऱ्याचे गाणे जाहीरपणे वाजवायचे तर परवाना लागतो. परंतु कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधींना सूट देताना लग्नाची वरात आणि लग्नानिमित्तचे इतर समारंभ यांचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. २०२३ साली केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जाहीर सूचना काढून तो पुन्हा स्पष्ट केला. म्हणजे जगातले कोणतेही गाणे आपल्या मंडपात येऊ शकते. इतकी दारे उघडी असताना आपण सर्वजण त्याच त्या दहा-बारा गाण्यांच्या दारातून आत जातो, याचे मला नवल वाटते.

इथवर माझे म्हणणे कोणाला फारसे अवघड वाटणार नाही. अवघड भाग पुढेच आहे. अर्थ विचारायला लागले की कधीकधी असा अर्थ हाती येतो, जो आपल्याला मान्य नसतो. मग काय करायचे?

आमच्या दांडिया बाजारातल्या एका घरी असा प्रसंग आला. मुलगी मराठी, मुलगा गुजराती. बडोद्यात ही गोष्ट नवी नाही. मंगलाष्टकांच्या निमित्ताने माझे त्या घरी जाणे-येणे होते. मुलीच्या आजीच्या मनात होते की विहिणीच्या पंगतीला "विहीण" म्हणायची. नव्या वाचकांसाठी सांगतो: वरमाय जेवायला बसली की मुलीकडच्या बायका लांबवलेल्या, करुण चालीत एक गाणे म्हणतात. आमची मुलगी लाडाकोडात वाढली, तिला अजून फारसे कळत नाही, तिचे चुकले-माकले पोटात घाला, अशी त्यात विहिणीला विनवणी असते. या गाण्यालाच "विहीण" म्हणतात.

नातीने गाण्याचा अर्थ नीट विचारून घेतला आणि ती बिथरली. "आजी, तू हे म्हणू नकोस ग. मी तिथे काय ठेव म्हणून जाणार आहे? आणि विनवणी कसली करायची? मी नोकरी करते, तोही करतो."

आजी रागावली नाही. ती म्हणाली, "अगं, तुझ्या पणजीला माझ्या सासूशी एक शब्द बोलायची सोय नव्हती. मुलीकडची माणसं ना आम्ही! हुंडा काय, मान काय, सगळं पुरुषांनी बैठकीत ठरवलेलं. ही चाल लावली की मात्र तिला सगळ्यांदेखत सांगता यायचं, माझ्या लेकीला जप म्हणून. आणि सासूला ते जेवणावरून न उठता ऐकावं लागायचं."

हे ऐकून मी स्वतः चमकलो. "विहीण" या गाण्यात केवळ दैन्य आहे असे आपण समजतो. परंतु ज्या बाईला एरवी तोंड उघडण्याची मुभा नव्हती, तिची ती जाहीर बोलण्याची एकमेव जागा होती. गुजराती लग्नातली फटाणी पाहा. त्यांत वेवाईला आणि वेवाणीला यथेच्छ टोमणे मारतात. तिथेही तेच. जे एरवी तोंडावर बोलता येत नाही, ते गाण्यात बोलता येते. एकीकडे विनवणी आणि दुसरीकडे थट्टा, एवढाच काय तो फरक.

नातीला हा अर्थ पटला, पण विनवणी पटली नाही. दोघींचेही खरे होते. शेवटी आजीने दोन कडवी गाळली आणि त्याच चालीत एक नवे कडवे जुळवले. तुम्हीही मुलगा लाडाने वाढवला आहे, तो आता आमच्याकडेही येईल-जाईल, त्याला आम्ही जपू, असा त्याचा भाव. हे जुळवायला तिला दोन दिवस लागले. लग्नात पंगत नव्हती, हातात ताटे घेऊन उभ्याने जेवण होते. तरी दोन्हीकडच्या बायकांनी एका मेजाभोवती खुर्च्या ओढल्या, भोंगा बंद करायला लावला आणि आजीने थरथरत्या आवाजात "विहीण" म्हटली. नवऱ्या मुलाच्या बांना मराठी येत होते, पण गाण्यातले मराठी कळले नाही. मुलीच्या मावशीने त्यांना कडव्या-कडव्याचा अर्थ गुजरातीत सांगितला. बा थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एक फटाणे उचलले. वेवाणीच्या काळ्या रंगावर त्यात जी ओळ होती ती गाळून तिथे वेवाणीच्या पुरणपोळीची थट्टा घातली, आणि त्याचाही अर्थ मराठीत सांगितला गेला. सगळा प्रकार पाव तासाचा. त्या लग्नात डीजेवर काय वाजले ते आज कोणाला आठवत नसेल. हा पाव तास मात्र दोन्ही घरे अजून काढतात.

गाणे बदलण्याचा हा अधिकार आजीला कोणी दिला, असे कोणी परंपराभिमानी विचारील. त्याला मी महात्मा फुले यांचे नाव सांगेन. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीरावांना जुन्या मंगलाष्टकांचा अर्थ मान्य नव्हता. पण म्हणून त्यांनी मंगलाष्टकेच टाकून दिली नाहीत. त्यांनी मराठीत नवी रचली, वधूवरांच्याच तोंडी घातली, आणि १८८७ साली पूजाविधीसह छापून काढली. अर्थ न पटणारे गाणे निमूटपणे म्हणणे आणि गाणेच मुकाट्याने बंद करणे, या दोहोंपेक्षा हा तिसरा मार्ग जास्त कष्टाचा, आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे.

आता दोन आक्षेपांची उत्तरे देतो. पहिला आक्षेप असा की, लग्न म्हणजे आनंदाचा सोहळा. त्यात गाण्यागणिक अर्थ काय विचारीत बसायचे? खरे आहे. वरातीला मी अर्थ विचारणार नाही. १९५४ सालच्या "नागिन" चित्रपटात पुंगीचा आवाज क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता. ते वाद्य कल्याणजींनी वाजवले. तेव्हापासून आजपर्यंत बँडवाले वरातीत ती धून वाजवतात आणि मामे-काके तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतात. सापाचा आणि विवाहाचा संबंध काय, असे विचारणारा माणूस वरातीत नकोच. ती धून पायांसाठी आहे. पण लग्नात तीन-चार क्षण असे असतात की जे पायांचे नव्हेत: हळद लागते तो, अंतरपाट दूर होतो तो, मुलगी निघते तो. निदान एवढ्यांपुरते गाणे आपले असावे, एवढेच मी मागतो.

दुसरा आक्षेप नव्या पिढीकडून उलट बाजूने येतो. ती म्हणते, आमचे लग्न आहे, आम्हाला अर्थपूर्ण वाटते ते गाणे आम्ही लावू. इतरांना कळो वा न कळो. त्यांच्या पहिल्या भेटीत कुठल्यातरी उपाहारगृहात एक इंग्रजी गाणे चालू होते, तेच त्यांना हार घालताना हवे असते. लावा की! पण लावण्यापूर्वी दोन वाक्यांत ते का लावले हे सांगा. तेवढे सांगितले की खेड्यातून आलेल्या आत्याबाईही कान देऊन ऐकतील. न सांगता लावले, तर तुमचा मंत्र तुम्हालाच ठाऊक, आणि मंडप पुन्हा १९१५ च्या पूर्वीचा. लग्न दोघांचे असले तरी ते चारचौघांत लावण्याचे कारणच हे आहे की चारचौघांना ते कळावे.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतील. कार्यालय ठरते, आचारी ठरतो, फुलांचा रंगसुद्धा आधी ठरतो. त्या यादीत एक संध्याकाळ गाण्यांसाठी ठेवावी, असे मला सुचवावेसे वाटते. दोन्ही घरांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवून तिच्या लग्नात काय म्हटले होते ते विचारावे. तिला सगळे आठवणार नाही. आठवेल ते मोबाइलवर उतरवून घ्यावे, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे विचारावा. मंगलाष्टकांची नावे देताना नुसती नावे देऊ नयेत, प्रत्येकाबद्दल एक खरी गोष्ट सांगावी. सनई प्रत्यक्ष वाजणार असेल, तर वाजवणाऱ्याला आदल्या दिवशी भेटावे, घराण्यात कोणाला कोणता राग आवडे ते सांगावे, आणि त्याला मंडपाच्या दारात उन्हात न बसवता आत बसवून पाहुण्यांबरोबर जेवू घालावे. आणि बटणापाशी बसणाऱ्या पोराच्या हाती एक कागद द्यावा: कुठे काय लावायचे आणि कुठे काहीच लावायचे नाही.

या कामासाठी आता पुन्हा कायदा होणार नाही, होऊही नये. महाराजांना तो भटजींसाठी करावा लागला. आपल्या घरच्या गाण्यांचा अर्थ विचारायला सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि शार्दूलविक्रीडितात कोणाचे आजोबा अडकून पडले असतील, तर त्यांनी खुशाल माझ्याकडे यावे.